बेबी पेगीची साक्ष

रंगभूमीवर किंवा रुपेरी पडद्यावर एखादें लहान मूल आलें, कीं टीकाकाराची लेखणी एकाएकीं मऊ पडते. नायकाच्या हातवाऱ्यांतला कृत्रिमपणा, नायिकेच्या चेहऱ्यावरची ठरावीक वेदना हीं जो डोळ्यांत तेल घालून टिपीत असतो, तोच टीकाकार मूल दिसतांच 'किती गोड', 'किती निरागस', 'किती सहजसुंदर' अशीं दोन-चार विशेषणें उधळून मोकळा होतो. पुढें तेंच मूल मोठें होऊन दारिद्र्यांत किंवा व्यसनांत बुडालें असें त्याच्या कानावर आलें, म्हणजे तीच लेखणी हळहळ व्यक्त करण्यास पुनः सरसावते. कौतुक आणि कींव या दोन्ही वृत्ति माणुसकीला शोभणाऱ्या खऱ्या; पण दोहोंतही एक गोष्ट राहून जाते. त्या मुलानें काम काय केलें, तें कसें केलें, आणि त्याच्याकडून तें कोणीं व कोणत्या उपायांनीं करवून घेतलें, हें पाहण्याचे कष्ट फारसे कोणी घेत नाहीं.

हे कष्ट ज्यांनीं घेतले, त्या डायाना सेरा केरी स्वतःच एके काळीं 'बेबी पेगी' या नांवानें अमेरिकेंत घरोघर ठाऊक असलेल्या बालनटी होत्या. २९ ऑक्टोबर १९१८ रोजीं कॅलिफोर्नियांत त्यांचा जन्म झाला; २४ फेब्रुवारी २०२० रोजीं, वयाला एकशेंएक वर्षें उलटून गेल्यावर, त्याच प्रांतांत त्या वारल्या. या दीर्घ आयुष्यांतलीं पडद्यावरच्या वैभवाचीं वर्षें अवघीं चार. पुढच्या आयुष्याचा फार मोठा भाग त्या चार वर्षांचा अर्थ लावण्यांत गेला. येथें भाषेची एक अडचण सांगून ठेवतों. बेबी पेगीविषयीं लिहितांना आपली मराठी सहज 'ती' म्हणते. ग्रंथकर्त्री केरीबाईंविषयीं लिहितांना 'त्या' म्हटल्यावांचून तिचें समाधान होत नाहीं. व्यक्ति एकच, पण सर्वनामें दोन. इंग्रजीला हा पेंच पडत नाहीं. म्हणूनच कीं काय, तिकडच्या पुष्कळ लेखकांना पहिल्या सर्वनामाची गोष्ट संपली म्हणजे सगळी गोष्टच संपली असें वाटतें.

पेगी-जीन माँटगोमेरी हें तिचें पाळण्यांतलें नांव. बाप जॅक माँटगोमेरी हा घोड्यावर बसण्यांत तरबेज असलेला गुराखी. चित्रपटांचा धंदा भरभराटीला आला तेव्हां टॉम मिक्ससारख्या नामांकित नटाऐवजीं घोड्यावरून धोक्याच्या उड्या मारणें हें त्याच्या पोटाचें साधन झालें. १९२० सालीं आई या एकोणीस महिन्यांच्या मुलीला घेऊन सेंच्युरी नांवाच्या चित्रसंस्थेंत गेली असतां फ्रेड फिशबॅक या दिग्दर्शकाची नजर तिच्यावर पडली. त्याला तिचें काय आवडलें, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. रूप नव्हे, बोबडे बोलही नव्हेत. मूकपटांत त्यांचा उपयोग तरी काय! बसविलें तेथें मुकाट्यानें बसून राहण्याची तिची संवय त्याला आवडली. ब्राउनी नांवाचा एक शिकविलेला कुत्रा त्या संस्थेच्या चित्रांतून चमकत असे. त्याच्या जोडीला ही मुलगी दिली गेली, १९२१ सालीं 'प्लेमेट्स' हें चित्र निघालें, आणि जोडी लोकांच्या मनांत भरली. कुत्रा आणि मूल या दोघांची निवड एकाच गुणावर झाली, हें त्या दिग्दर्शकाच्या मनांत आलें असेल कीं नाहीं कोण जाणे. वाचकाच्या मनांत मात्र आल्यावांचून राहत नाहीं.

ही संवय जन्मजात नव्हती. घोड्याला वळण लावणाऱ्या बापानें ती लावली होती. बाप चुटकी वाजवून 'रड' म्हणे, 'हंस' म्हणे, 'घाबर' म्हणे. आणि मूल रडे, हंसे, घाबरे. १९२१ ते १९२४ या काळांत या मुलीनें सुमारें दीडशें लघुचित्रांत कामें केलीं. दिवसाचे आठ तास आणि आठवड्याचे सहा दिवस हें काम चाले. आपल्याकडेही पाहुणे आले म्हणजे चार वर्षांच्या चिरंजिवांना बैठकींत उभें करून श्लोक म्हणावयास लावणारे वडील कांहीं दुर्मिळ नाहींत. पण पाहुणे गेल्यावर आपला चिरंजीव निदान खेळावयास मोकळा होतो.

भरतमुनींनीं अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले. मूकपटांत वाचिकाला वाव नाहीं. आहार्य, म्हणजे वेषभूषा, ही शिंप्याच्या व रंगभूषाकाराच्या हातची. आंगिक शिकवून येतें. प्रश्न उरतो तो सात्त्विकाचा. अश्रु, कंप, वैवर्ण्य हे भाव मनाच्या एकाग्रतेवांचून प्रकट होत नाहींत, असें शास्त्र सांगतें. मग तीन वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांत चुटकीसरशीं पाणी उभें राहतें, त्याला सात्त्विक अभिनय म्हणावें कीं आज्ञाधारकपणाची परिसीमा म्हणावें?

या प्रश्नाला नेहमींचें उत्तर असें कीं, लहान मूल अभिनय करीतच नाहीं, तें आपल्या स्वभावाप्रमाणें वागतें आणि यंत्र तें टिपून घेतें. मला हें उत्तर साफ खोटें वाटतें. स्वभावाप्रमाणें वागणारें मूल कॅमेऱ्याकडे टक लावून पाहील, दिव्याकडे धांवेल, कंटाळेल, भुकेनें रडेल, आणि तिसऱ्यांदां तोच जिना चढण्यास साफ नकार देईल. पडद्यावरचें मूल यांतलें कांहींच करीत नाहीं. म्हणजे ज्याला आपण सहजपणा म्हणतों, तो सहज प्रवृत्ति एकामागून एक दाबून टाकल्यावर उरलेला अवशेष असतो. इतकी शिस्त मोठ्या नटाच्या अंगीं दिसली असती, तर आपण तिच्या साधनेवर लेख लिहिले असते. मुलाच्या ठिकाणीं ती दिसतच नाहीं. आणि ती दिसूं नये यांतच तिचें यश मोजलें जातें.

बेबी पेगीच्या शिल्लक राहिलेल्या लघुचित्रांत मला सर्वांत विचार करण्यासारखीं वाटतात तीं विडंबनचित्रें. काळेभोर, सरळ, कानापाशीं कापलेले केस, कपाळावर झालर, आणि त्याखालीं दोन मोठे गंभीर डोळे, असा तिचा चेहरा. 'पेग ओ द मूव्हीज' (१९२३) या चित्रांत तिनें रुडॉल्फ व्हॅलेंटिनो आणि पोला नेग्री या त्या काळच्या प्रणयसम्राटांचीं सोंगें घेतलीं. असल्या सोंगांत हास्य उत्पन्न होतें तें सोंग घेणाराच्या गांभीर्यावर. तो स्वतः गालांत हंसला कीं मजा गेलीच. ही मुलगी हंसत नाहीं. मोठ्या नटीची मान किती तिरकी होते, पापणी कोणत्या क्षणीं मिटते, हात छातीवर किती वेळ थांबतो, याचें माप तिच्या अंगांत मुरलेलें दिसतें. पोला नेग्री विकाराचें अनुकरण करी. ही चिमुरडी त्या अनुकरणाचें अनुकरण करते, आणि तसें करतांना प्रौढांचा सगळा उन्माद म्हणजे पांच-सात ठरलेल्या हालचालींची माळ आहे, हें उघडें पाडते. मूकपटांतल्या प्रणयावर त्या काळांत याहून नेमकी टीका फार थोड्यांनीं केली असेल. ती टीका आपण करीत आहों हें तिला ठाऊक नव्हतें, एवढीच काय ती उणीव. दुसरी बाजूही नोंदली पाहिजे. चार वर्षांच्या मुलीला मोहिनीचा वेष चढवून तिच्या कटाक्षांवर टाळ्या पिटणारा प्रेक्षकवर्ग मला फारसा निर्मळ वाटत नाहीं. त्या टाळ्यांत थट्टेचा भाग किती आणि दुसऱ्या कशाचा किती, याचा हिशेब त्या काळीं कोणीं मागितला नाहीं.

याच सुमारास नाशिकास दादासाहेब फाळके यांनीं आपली लहानगी कन्या मंदाकिनी हिला 'कालियामर्दन' (१९१९) या मूकपटांत श्रीकृष्णाचें काम दिलें होतें. तेथेंही शिकविणारा बापच आणि करवून घेणाराही बापच. परंतु फाळक्यांनीं चित्राच्या आरंभीं एक गोष्ट केली, ती मला फार मोलाची वाटते. कथा सुरू होण्यापूर्वीं मंदाकिनीचा नुसता चेहरा पडद्यावर येतो आणि निरनिराळे भाव एकामागून एक करून दाखवितो. मग त्याच चेहऱ्याचें कृष्णांत रूपांतर होतें. सूत्रधारानें नटाची ओळख करून द्यावी, तसाच हा प्रकार. ही एक मुलगी आहे, हिला ही विद्या येते, आतां हिचें काम पाहा, असें प्रेक्षकाला आधीं सांगितलें जातें. एवढ्यावरून फाळके हे माँटगोमेरीपेक्षां अधिक मायाळू बाप होते असें सिद्ध होत नाहीं. पण आमच्याकडच्या नाटकी परंपरेंत सोंग हें सोंग म्हणून ओळखण्याची जी रीत होती, तिच्यामुळें मुलाच्या कामाला 'काम' म्हणण्याची सोय राहिली. हॉलिवुडनें ही सोय ठेवली नाहीं. तेथें बेबी पेगी ही पडद्यावर, वर्तमानपत्रांत, दुकानांत विकावयास ठेवलेल्या बाहुल्यांच्या रूपानें, आणि घरींसुद्धां, बेबी पेगीच असावयाची.

कीर्ति वाढली तशीं चित्रें लांबलीं आणि धोकेही वाढले. 'द डार्लिंग ऑफ न्यूयॉर्क' (१९२३) या मोठ्या चित्रांत घराला आग लागण्याचा प्रसंग होता. घासलेट ओतून देखाव्याला खरीच आग लावण्यांत आली. ज्या दारानें बाहेर पडावयाचें म्हणून तिला पढविलें होतें, तेंच दार पेटलें. आणि पुरी पांच वर्षांचीही नसलेली ती मुलगी खिडकींतून बाहेर पडली. दुसऱ्या एका चित्राच्या वेळीं तिला बेशुद्ध होईपर्यंत पाण्याखालीं धरलें होतें. आणखी एकदां आगगाडीच्या डब्याखालीं बसवून प्रवास करविला होता. या हकीकती वाचून अंगावर शहारे येतात खरे, पण आगीच्या प्रसंगांत भयानकाखेरीज आणखीही कांहीं आहे. आजवर जें सांगितलें तें तसेंच करणें हा या मुलीचा एकुलता एक गुण समजला गेला होता. त्याच गुणावर तिची निवड, तिचा पगार आणि सबंध कुटुंबाचा संसार उभा होता. त्या दिवशीं ती वांचली, ती आज्ञा मोडून. पढविलेलें दार सोडून खिडकी शोधणाऱ्या त्या बुद्धीचा उपयोग पुढें पन्नास वर्षांनीं दिसावयाचा होता.

१९२३ सालीं सॉल लेसर या निर्मात्यानें तिच्याशीं करार केला. वर्षाला पंधरा लक्ष डॉलर हा त्या कराराचा बोलबाला झालेला आंकडा. १९२४ च्या उन्हाळ्यांत न्यूयॉर्कला डेमोक्रॅटिक पक्षाचें अधिवेशन भरलें, तेव्हां फ्रँक्लिन रूझवेल्ट यांच्या शेजारीं उभी राहून निशाण हालविणारी मुलगी हीच. त्याच वर्षीं 'कॅप्टन जॅन्युअरी' निघाला, आणि तो पाहावयास मिळतो हें आपलें भाग्य. कारण बालनटीच्या कलेची तुलना करण्यास याहून चांगलें साधन नाहीं. लॉरा रिचर्ड्स या लेखिकेची ही छोटी कथा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची. फुटलेल्या जहाजांतून वांचलेलें एक तान्हें मूल दीपगृहाचा म्हातारा राखणदार वाढवितो आणि पुढें त्या मुलीच्या रक्ताच्या नातेवाइकांना तिचा पत्ता लागतो, एवढें कथानक. बारा वर्षांनीं, १९३६ सालीं, याच कथेवर बोलपट निघाला आणि त्यांत शर्ले टेंपल चमकली.

शर्ले टेंपलची मोहिनी मी नाकारीत नाहीं. त्या बोलपटांत बडी एब्सेन या उंच, किडकिडीत नर्तकाबरोबर धक्क्यावर ती जें नाचते, तें पाहतांना सात वर्षांच्या मुलीच्या पायांत इतका ताल कसा, याचें आश्चर्य वाटतें. पण नेमकें तेंच आश्चर्य कथेला मारक होतें. नाच हा शिकलेला असतो हें कोणालाही कळतें. म्हणून तेथें श्रम दिसतात आणि आपण श्रमांना दाद देतों. दीपगृह, समुद्र, म्हातारा हीं सगळीं त्या नाचाभोंवतालचीं लांकडी फळकुटें होऊन बसतात. मूळ लेखिकेनें म्हाताऱ्याला अखेर मृत्यु दिला. बोलपटानें त्याला एक गलबत दिलें. १९२४ च्या मूकपटांत नाच नाहीं, गाणें नाहीं, शब्द नाहीं. हॉबर्ट बॉसवर्थचा म्हातारा आणि ही काळ्या केसांची मुलगी यांच्यामध्यें जें कांहीं घडतें, तें एकमेकांकडे पाहण्यांतून घडतें. बहुतेक बालनट पाहतात ते प्रेक्षकाकडे. कॅमेऱ्याकडे नव्हे, पण त्याच्या पलीकडे बसलेल्या आपल्याकडे. बेबी पेगी म्हाताऱ्याकडे पाहते. आज्ञेची वाट पाहण्यास शिकलेले ते डोळे आहेत, हें कळल्यावरही त्या पाहण्यांतला करुण रस कमी होत नाहीं. मला तर तो वाढलेला वाटला. हा परिणाम दिग्दर्शकाच्या मनांत होता कीं नाहीं याच्याशीं मला कर्तव्य नाहीं. पडद्यावर तो आहे.

शर्लेचें नांव निघालें म्हणून एक आठवण. धंद्याच्या सोयीसाठीं तिचें वय एका वर्षानें कमी करून जाहीर केलेलें होतें. बाराव्या वाढदिवसाला आपण तेरा वर्षांच्या आहोंत हें तिला कळलें. डिकन्सच्या 'निकोलस निकलबी'मध्यें क्रमल्सच्या नाटकमंडळींत एक 'अद्भुत बालिका' आहे. तिचें वय निदान पांच वर्षें तरी दहावरच थांबलेलें असतें, आणि तिची उंची वाढूं नये म्हणून तिला लहानपणापासून जागरणें व दारू यांवर पोसलेलें असतें. आम्ही विद्यार्थी असतांना या पात्राला पोट धरधरून हंसलों. बाराव्या वर्षीं बुटांच्या पॉलिशाच्या कारखान्यांत बाटल्यांवर चिठ्ठ्या डकविणारा डिकन्स मात्र हें पात्र लिहितांना नुसताच हंसत नसावा.

वैभवाची अखेर थोडक्यांत सांगतां येण्यासारखी आहे. १९२५ सालीं बापाचें लेसरशीं पैशावरून बिनसलें, करार मोडला, आणि चित्रसंस्थांचीं दारें बंद झालीं. मग गांवोगांवच्या व्हॉडव्हिल रंगमंचांवर फिरती सुरू झाली. तेथें दिवसाला तीनशें डॉलर मिळत, आणि ज्या मुलीच्या जिवावर ते मिळत तिच्या हातावर दर खेळामागें पांच सेंटांचें एक नाणें ठेवलें जाई. मोटारी, घरें, कपडे यांवरचा बेसुमार खर्च आणि बापाच्या भागीदारांची लबाडी यांत सगळें धन गेलें. मुलींच्या शिक्षणासाठीं देखील कांहीं राखून ठेवलेलें नव्हतें. १९२९ च्या मंदीनें उरलेंसुरलें नेलें. तिसाव्या दशकाच्या आरंभीं कुटुंब पुनः हॉलिवुडला आलें, आणि ज्या गांवांत तिच्या नांवाच्या बाहुल्या विकल्या जात त्याच गांवांत ती गर्दींतला एक चेहरा म्हणून रोजमजुरीवर उभी राहूं लागली. १९३८ च्या सुमारास तिनें तेंही सोडलें. टेलिफोनच्या स्विचबोर्डावर, पुस्तकांच्या दुकानांत नोकऱ्या केल्या. नांव बदललें. बेबी पेगी कोण हें ती कोणाला सांगेनाशी झाली.

येथून 'त्या' सुरू होतात.

केरीबाईंचें पहिलें पुस्तक 'द हॉलिवुड पॉसी' १९७५ सालीं प्रसिद्ध झालें, आणि तें स्वतःविषयीं नव्हतें. चित्रपटांत घोडदौडी करणाऱ्या, हाडें मोडून घेणाऱ्या, आणि ज्यांचीं नांवें पडद्यावर कधींच आलीं नाहींत अशा गुराख्यांचा तो इतिहास आहे. म्हणजे बापाच्या धंद्याचा. आपलें बालपण ज्यानें विकलें त्याच्याविषयीं लिहावयाचें, तर आधीं त्याच्या हातची कला काय होती आणि त्याला तिचा मोबदला काय मिळाला हें लिहावें, ही न्यायबुद्धि मला असामान्य वाटते. ज्या माणसाच्या पाठीवर दुसऱ्याचें नांव लावून त्याला घोड्यावरून पाडलें जाई, त्याला मुलीच्या नांवाचा लोभ कां सुटावा, हें त्या पुस्तकानंतर वेगळें सांगावें लागत नाहीं.

दुसरें पुस्तक 'हॉलिवुड्स चिल्ड्रेन' १९७८-७९ मधलें. माझ्या मतें हेंच त्यांचें मुख्य कार्य. त्याचा आरंभ चित्रपटांच्या जन्मापूर्वीं, कॅलिफोर्नियांतल्या सोन्याच्या खाणींपाशीं होतो. तेथें लॉटा क्रॅबट्री नांवाची लहान मुलगी खाणकामगारांपुढें नाचे आणि तिची आई त्यांनीं फेंकलेले सोन्याचे तुकडे वेंचून घेई. घरापासून, बायकामुलांपासून शेंकडों कोस दूर असलेल्या पुरुषांची ती वस्ती. बालनटीची मागणी मुलांकडून होत नसते, ती एकाकी पडलेल्या मोठ्या माणसांकडून होत असते, हें सूत्र मला त्या आरंभावरून सुचलें. मंदीच्या दशकांत शर्लेची जी लाट उसळली, तिचाही उलगडा त्यानें बराच होतो. लॉटाच्या आईनें पैसा जपला, म्हणून लॉटा १९२४ सालीं श्रीमंतींत वारली. योगायोग असा कीं, तेंच बेबी पेगीच्या वैभवाचें शेवटचें वर्ष. पुढें या पुस्तकांत आया, करार, नाच शिकविणाऱ्या शाळा, आणि मुलांना घेऊन हॉलिवुडला लोटलेलीं कुटुंबें यांची हकीकत येते. पानोपानीं नवीं नांवें येतात आणि आपल्याकडच्या वाचकाला त्यांतलीं निम्मीं अपरिचित. तो कित्येकदां थकतो. पण लेखिका कोठेंही गळा काढीत नाहीं. ज्यानें स्वतः त्या घाण्यांत वर्षें काढलीं त्यानें शांतपणें घाण्याची रचना समजावून सांगावी, अशी ही लेखनपद्धति आहे.

यापुढें अठरा वर्षांनीं, १९९६ सालीं, आत्मचरित्र आलें. त्याचें नांव 'बेबी पेगीचें पुढें काय झालें?' अशा अर्थाचें आहे. हा प्रश्न दुसऱ्यांचा; बाईंनीं तो नुसता उचलून मुखपृष्ठावर ठेवला. साहित्य म्हणून पाहतां हें पुस्तक मला 'हॉलिवुड्स चिल्ड्रेन'हून उणें वाटतें. आधींच्या पुस्तकांत जें अनेकांच्या उदाहरणांनीं सिद्ध होतें, तें येथें एकटीवर येऊन पडतें. पण साक्ष म्हणून त्याला तोड नाहीं. आपण मिळवीत होतों म्हणून घर चालत होतें, हें पोरवयांतच कळलेलें मूल आईबापांना भिऊन राहतें आणि सांभाळूनही घेतें. हा दुहेरी भाव मुलाला अन्नदाता करणाऱ्या कोणत्याही घरांत निर्माण होतो. तो शब्दांत पकडलेला मीं क्वचितच पाहिला आहे.

२००३ सालीं त्यांनीं जॅकी कूगन याचें चरित्र लिहिलें. चॅप्लिनच्या 'द किड' (१९२१) मधला तो मुलगा. वयांत आल्यावर आपण मिळविलेले लक्षावधि डॉलर आई आणि सावत्र बाप यांनीं उडविले, असें दिसून आल्यानें १९३८ सालीं त्यानें न्यायालयांत धांव घेतली आणि अखेर सव्वा लक्षाच्या आसपास त्याच्या हातीं आले. त्यावरून कॅलिफोर्नियांत १९३९ सालीं बालनटांच्या मिळकतीच्या रक्षणाचा कायदा झाला. त्याला पळवाटा पुष्कळ होत्या. शर्ले टेंपल बत्तिसाएक लक्ष डॉलर मिळवून मोठी झाली आणि तिच्यासाठीं उरले होते चव्वेचाळीस हजार, हें तिनेंच १९८८ सालच्या आत्मचरित्रांत लिहून ठेवलें. मुलाची मिळकत ही मुलाचीच, आईबापांची नव्हे, असें स्पष्ट शब्दांत म्हणण्यास त्या कायद्याला २००० साल उजाडावें लागलें. केरीबाई त्या सुधारणेच्या पुरस्कर्त्यांपैकीं होत्या. या सगळ्या हिशेबांत एक रक्कम कोणत्याच कायद्यांत धरलेली नाहीं, ती म्हणजे चुटकीवर रडणाऱ्या मुलीला पुढें खरें रडूं येतें तेव्हां त्यावर तिचा स्वतःचा विश्वास बसण्यास किती वर्षें लागतात. 'बेबी पेगी' या नांवाशीं समेट करण्यास बाईंना उतारवय यावें लागलें. मग मात्र त्या मूकपटांच्या उत्सवांना जाऊं लागल्या, प्रेक्षकांशीं बोलूं लागल्या. २०१२ सालीं त्यांच्यावर एक माहितीपटही निघाला.

ज्या कामाविषयीं हें सगळें लिहिलें गेलें, तें काम बहुतांशीं नष्ट झालें आहे. सेंच्युरी संस्थेच्या इमारतीला १९२६ सालीं आग लागली आणि दीडशेंपैकीं बहुतेक लघुचित्रें त्यांत गेलीं. कोठें कोठें एखादी प्रत निघते. १९२४ सालचें 'अवर पेट' हें चित्र २०१६ सालीं जपानांत सांपडलें, तेव्हां त्यांतली मुलगी सत्त्याण्णव वर्षांची होती. त्यानंतर, शंभरीच्या उंबरठ्यावर, केरीबाईंची पहिली कादंबरी छापून निघाली. तिचें कथानक हॉलिवुडमध्यें घडत नाहीं.